सुलोचना बोलपटांमुळे संपली का? जरा लांबलचक उत्तर

बेटा, तुझा प्रश्न असा, की एकांकिकेसाठी तू मूकपटातल्या सुलोचनाची गोष्ट घेतलीयस आणि ढाचा असा ठरवलायस की ती टॉपला होती, मग बोलपट आले, तिला हिंदी बोलता येईना, मायक्रोफोनसमोर तोंड उघडल्याबरोबर सगळे हसले, आणि तिथेच ती संपली. हे खरं आहे का, आणि असेल तर साउंड कसा ठेवायचा, हे तू मला विचारलंस कारण अर्धं आयुष्य मी टेप, माइक आणि नाटकांच्या साउंडमधेच घालवलंय आणि जुन्या पिक्चरचा नाद मला आधीपासूनचा. तर स्पष्टच सांगतो, हसण्याचा सीन काढून टाक. तो सीन इंग्रजी पिक्चरमधून आपल्या डोक्यात बसलाय. सुलोचनाचं तसं झालं नाही, जे झालं ते जास्त कडू आहे आणि स्टेजवर जास्त चालेल.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण इंदूरच्या प्रेक्षकांत निम्मे लोक सुलोचना म्हटल्यावर सुलोचनादीदी लाटकर समजतील, ती मराठी-हिंदीतली सोशिक आई, आणि उरलेले लावणीवाल्या सुलोचना चव्हाण. ही तिसरी, म्हणजे खरं तर पहिली. मूळ नाव रूबी मायर्स, जन्म १९०७चा, पुण्यातला. बगदादी ज्यू घराणं. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांच्या घरी मराठी बोलतात, ते वेगळे, हे नीट लक्षात ठेव नाहीतर तिच्या तोंडी घरगुती मराठी घालशील आणि जाणकार माणूस पहिल्या पाच मिनिटांत उठून जाईल. मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी पिक्चरमधे ये म्हणून सांगितलं तर आधी तिने नाही म्हटलं, कारण तेव्हा पिक्चरमधे काम करणं हे भल्या घरच्या मुलीचं काम नव्हतंच. मग आली. १९२५चा 'वीर बाला'. वय अठराच्या आसपास.

आता ती 'नाही म्हटलं' ही गोष्ट जरा उलगडून दाखव, कारण त्यातच सगळं आहे. फाळक्यांना १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळाली नाही, साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवावी लागली हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मधे दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला आल्या, पण म्हणून दार उघडलं असं काही नाही. पुढची पंधरा-वीस वर्षं पडद्यावर ज्या बाया दिसतात त्या एकतर गाण्याबजावण्याच्या घराण्यातल्या, नाहीतर अँग्लो-इंडियन आणि ज्यू. रेने स्मिथची सीता देवी झाली, आयरिस गॅस्परची सबिता देवी झाली, तशी रूबी मायर्सची सुलोचना. नाव हिंदू, चेहरा गोरा, आणि पिक्चरला आवाजच नाही म्हणजे कोण कुठली हे कळायचा प्रश्नच नाही! पब्लिकला दोन्ही मिळत होतं, मेमसाहेब पण आणि सुलोचना पण.

इंदूरचा धागा हवा असेल तर तो इथेच सापडतो आणि चांगला जाड धागा आहे. १२ जानेवारी १९२५ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याचा खून झाला, गाडीत त्याच्यासोबत मुमताज बेगम होती, जी आपल्या होळकर दरबारातली नाचणारी आणि इथून निघून गेलेली. तिच्या चेहऱ्यावर वार झाले, योगायोगाने काही इंग्रज अधिकारी तिथे पोचले म्हणून वाचली. पुढे प्रकरण इतकं वाढलं की इंदूरचे महाराज तुकोजीराव तिसरे यांना फेब्रुवारी १९२६मधे गादी सोडावी लागली. आणि याच कोहिनूर कंपनीने त्याच वर्षी, १९२५मधे, या प्रकरणावरून 'कुलीन कांता' नावाचा पिक्चर काढला, होमी मास्टरांनी. म्हणजे बघ, रूबी ज्या वर्षी आणि ज्या कंपनीत तोंडाला रंग लावते, त्या वर्षी तीच कंपनी पडद्यावर नाचणाऱ्या बाईची गोष्ट दाखवतेय जिच्यामुळे पुढे एका राजाची गादी गेली. 'पिक्चरमधे काम करणारी बाई' म्हटल्यावर लोकांच्या डोक्यात तेव्हा काय यायचं, हे इंदूरच्या प्रेक्षकाला यापेक्षा सोप्यात कळणार नाही. आमच्या लहानपणी राजवाड्याच्या आजूबाजूच्या घरांत म्हातारी माणसं हे प्रकरण आवाज खाली करूनच बोलायची, बाहेरच्याने विचारलं तर विषय बदलायची.

चढत्या काळाबद्दल फार वेळ घालवू नको, तो सोपा आहे. १९२६मधे 'सिनेमा क्वीन' आणि 'टायपिस्ट गर्ल', १९२७मधे 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे' ज्यात तिने आठ रूपं घेतली, पोलीस, माळी, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, गोरी मड्डम वगैरे वगैरे. मग अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत गेली आणि आर. एस. चौधरींच्या हाताखाली 'माधुरी', 'अनारकली' (दोन्ही १९२८) आणि 'इंदिरा बी.ए.' (१९२९). नावांवरूनच कळतं की ती काय विकत होती. नोकरी करणारी, शिकलेली, स्वतः निर्णय घेणारी पोरगी, जी तेव्हाच्या शहरात नुकती कुठे कुठे दिसायला लागली होती. आणि नायक बहुतेक वेळा दिनशा बिलिमोरिया, पडद्याबाहेरही दोघांचं नाव जोडलं जायचं.

'अनारकली'ची एक गंमत तुझ्या कामाची आहे. लाहोरची एक कंपनी सीता देवीला घेऊन मोठ्या थाटात अनारकलीवर पिक्चर काढत होती, इंपीरियलला कुणकुण लागली आणि त्यांनी सुलोचनाला घेऊन धडाधड आपला पिक्चर आधी लावून टाकला. त्यांचा बिचाऱ्यांचा नंतर आला आणि पडला. म्हणजे सुलोचनाच्या नावावर कंपनी जुगार खेळू शकत होती, तेवढी ती मोठी होती.

पगाराचं वाक्य तुझ्या स्क्रिप्टमधे आहे, 'मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार, महिना पाच हजार'. हे सगळीकडे छापलेलं सापडतं आणि सगळे एकमेकांचं बघून लिहितात. पाच हजाराचा आकडा मी मान्य करतो, तो तिच्याबद्दल कायम सांगितला जातो आणि तेव्हा तो अफाटच होता. पण १९३५च्या भारत सरकार कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १ लाख २० हजार लिहिलेला आहे, म्हणजे महिना दहा हजार, तेव्हा हिशेब बसत नाही. वाक्य ठेवायचंच असेल तर एखाद्या पात्राच्या तोंडी बढाई म्हणून ठेव, निवेदनात नको.

आता मुद्द्यावर येऊ. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला, काढला इराणींनीच, म्हणजे सुलोचनाच्याच मालकाने, आणि नायिका घेतली झुबेदा! सुलोचना घरची सगळ्यात मोठी स्टार असून तिला बाजूला ठेवलं कारण तिची हिंदुस्थानी कच्ची. एवढा भाग तुझा बरोबर आहे. पण लगेच हेही बघ की झुबेदा पण मूकपटातलीच नटी होती, फातमा बेगमची मुलगी. म्हणजे मूकपटाची नटी म्हणून कोणी बाद झालं असं नाही. आणि नायक कोण, तर आपला मास्टर विठ्ठल, मूकपटातला तलवारबाज, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या कंपनीतून पुढे आलेला. त्याने दुसऱ्या कंपनीचा करार मोडून हे काम घेतलं म्हणून कोर्टकचेरी झाली आणि त्याच्या बाजूने वकील जिना उभे राहिले. आणि एवढं करून त्याचीही हिंदुस्थानी यथातथाच, म्हणून त्याचं पात्र बराचसा वेळ गुंगीत दाखवलं असं सांगतात. पुरुषासाठी गोष्ट वाकवली, बाईला मात्र घरी बसवलं. हा तुझा सीन आहे बघ, हसण्याचा नाही. एकाच टेबलावर दोन फायली, दोघांनाही भाषा येत नाही, आणि मालक एकीसाठी माणूस बदलतो आणि दुसऱ्यासाठी स्क्रिप्ट बदलतो.

माइकबद्दल माझ्या धंद्याचं सांगतो. तेव्हा आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर एकाच वेळी रेकॉर्ड व्हायचं, नंतर डबिंग नाही, दुरुस्ती नाही. स्टुडिओशेजारून रेल्वे जायची म्हणून 'आलम आरा'चं बरंच शूटिंग रात्री गाड्या थांबल्यावर व्हायचं. माइक झुडपात, फुलदाणीत, कुठेही लपवलेला, त्याच्यापासून दोन पावलं लांब गेलं की आवाज गेला. मूकपटात याच्या बरोबर उलटं असायचं, डायरेक्टर शूटिंग चालू असताना ओरडून सूचना देतोय, 'आता वळ, आता रड, आता पळ', नटी पळतेय, उड्या मारतेय, कॅमेरा कोणीतरी हाताने फिरवतोय. वाइल्डकॅटमधे आठ सोंगं घेऊन धुमाकूळ घालणाऱ्या बाईला तू एका फुलदाणीसमोर खिळवून ठेवलंस तर तिचं निम्मं भांडवल तिथेच गेलं, मग उच्चार काशीच्या पंडितासारखे असले तरी काय उपयोग. स्टेजवर हे दाखवणं एकदम सोपं आहे, पहिल्या भागात तिला पूर्ण स्टेज दे आणि दुसऱ्या भागात दोन फुटांची चौकट दे. बोलून सांगायची गरजच नाही.

त्यात गाणं. १९३२चा 'इंद्रसभा' घे, सत्तरच्या आसपास गाणी होती एका पिक्चरमधे, आणि प्लेबॅक नव्हतं, ज्याने तोंड हलवायचं त्यानेच गायचं. प्लेबॅक आलं १९३५मधे, न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'मधे. म्हणजे मधली चार-पाच वर्षं अशी गेली की गळा नसेल तर चेहऱ्याला किंमत कमी. कज्जनसारख्या रंगभूमीवरून आलेल्या गाणाऱ्या बायांची चलती झाली. ही गोष्ट भाषेपेक्षा मोठी आहे असं मला वाटतं आणि लोक ती विसरतात, कारण लताबाईंच्या नंतरच्या जगात जन्मलेल्या आपल्याला नटी स्वतः गाते हे डोक्यातच येत नाही.

बरं, तरी ती हरली का? नाही ना! हीच तर गंमत आहे. तिने सुट्टी काढली, हिंदुस्थानी शिकली, आणि १९३२मधे बोलत्या 'माधुरी'मधून परत आली, कंपनीने गाजावाजा केला, पब्लिक आलं. पगार तोच मोठा, शेवरोले गाडी, सगळं परत. म्हणजे तुझ्या स्क्रिप्टमधे जिथे ती मरते तिथे ती खरं तर जिंकलेली आहे. आणखी एक सांगतो जे ऐकून मी स्वतः खूश झालो होतो, मूकपटाच्या काळातच गांधीजी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतायत अशी छोटी फिल्म दाखवायची होती तेव्हा सोबत सुलोचनाचा 'माधुरी'मधला नाच आवाज जोडून दाखवला होता. म्हणजे आवाजाची नवलाई दाखवायला सुद्धा लोकांनी तिलाच पुढे केलं होतं.

मग पडली कशाने? मला विचारशील तर इंपीरियलने तिला पुन्हा पुन्हा तेच करायला लावलं म्हणून. यादी वाच. मूक 'माधुरी' १९२८, बोलकी 'माधुरी' १९३२. मूक 'इंदिरा बी.ए.', बोलकी 'इंदिरा एम.ए.' १९३४, पोरीने एक डिग्री वाढवली एवढाच बदल. मूक 'अनारकली', बोलकी 'अनारकली' १९३५, तोच डायरेक्टर चौधरी, तोच बिलिमोरिया. 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'चं १९३६मधे 'बंबई की बिल्ली'. कालचीच भाजी गरम करून चार वर्षं वाढली आणि मग गिऱ्हाईक येत नाही म्हणून स्वयंपाकीणीला दोष.

आणि भाषेचा दोष नव्हता याचा पुरावा मी तुला देतो, तोही त्याच १९३५ सालातला. वाडिया बंधूंचा 'हंटरवाली'. नायिका नादिया, खरं नाव मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातला, सोनेरी केस, निळे डोळे, हिंदी सुलोचनापेक्षा कितीतरी कच्ची. आणि पिक्चर तुफान चालला! कारण वाडियांनी तिच्यासाठी तिच्यासारखी गोष्ट लिहिली, चाबूक दिला, घोडा दिला, संवाद कमी दिले, जे तिला येतं तेच करायला लावलं. सुलोचनाला हेच येत होतं, आठ वर्षं आधी करून दाखवलेलं होतं. तिला कोणी घोडा दिला नाही.

दुसरीकडून हिरॉइनचा साचाच बदलत होता. १९३२ला प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'मधे दुर्गा खोटे आल्या, शिकलेल्या, घरंदाज, मराठी आणि हिंदी दोन्हीत सहज बोलणाऱ्या, आणि एकदम पिक्चरमधे काम करणं घरात चालण्यासारखं झालं. पाठोपाठ बॉम्बे टॉकीजच्या देविका राणी. शांता आपटे तर गात पण होत्या. आता हे चांगलंच झालं, मी वाईट म्हणत नाहीये, पण या सभ्यपणाची किंमत ज्यांनी आधीची दहा-पंधरा वर्षं बोलणी खाल्ली त्या ज्यू आणि अँग्लो-इंडियन पोरींनी मोजली. ज्या खुर्चीवर कोणी बसायला तयार नव्हतं तिथे या बसल्या, आणि खुर्चीला मान आला तसं यांना उठवलं. तुला नाटकात राग आणायचा असेल तर तो इथे आण, माइकवर नको.

आणि मालकी. 'टायपिस्ट गर्ल'मधे सुलोचनासोबत आणखी एक नटी होती, गोहर. डायरेक्टर चंदुलाल शाह, सतरा दिवसांत पिक्चर पूर्ण केलेला. पुढे गोहर आणि चंदुलाल यांनी मिळून रणजीत ही स्वतःची फिल्म कंपनी उभी केली आणि गोहर पडद्यावरून बाजूला झाल्यावरसुद्धा मालकीणच राहिली. सुलोचना मात्र पगारावर. तिनेही १९३०च्या दशकाच्या मध्यात रूबी पिक्स ही स्वतःची कंपनी काढली पण ती काही उभी राहिली नाही, बिलिमोरियाशी असलेलं नातं तुटलं, आणि १९३८मधे इंपीरियलच बंद झाली. पाच हजार पगार घेणाऱ्या माणसाची कंपनी बंद पडली की त्याच्याकडे पाच हजाराची सवय उरते, बाकी काही नाही. एकाच पिक्चरमधे काम केलेल्या दोन पोरी, हे तुला दोन पात्रांत करता येईल, मी तर म्हणतो करच.

उतरतीचे प्रसंग गोळा करताना रडारड करू नको. ती घरात बसून राहिली नव्हती, काम करत होती, मिळेल ते. १९४७च्या 'जुगनू'मधे छोटी भूमिका आहे. आणि मग १९५३चा फिल्मिस्तानचा 'अनारकली'. बीना राय अनारकली, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं, डायरेक्टर नंदलाल जसवंतलाल, म्हणजे ज्याने 'इंदिरा एम.ए.'मधे तिला नायिका केलं होतं तोच माणूस. आणि सुलोचना? सलीमची आई. दोनदा अनारकली झालेली बाई तिसऱ्यांदा अनारकलीची होऊ न शकलेली सासू. त्यात अनारकलीचा आवाज कोणाचा, तर लताबाईंचा, ज्या जन्मल्या आपल्या इंदुरात, सिख मोहल्ल्यात, २८ सप्टेंबर १९२९ला, ज्या वर्षी 'इंदिरा बी.ए.' आला त्याच वर्षी. १९३१मधे नटीला गळा नाही म्हणून अडत होतं, बावीस वर्षांनी नटीने गायचंच नसतं हा नियम झाला होता, आणि त्या नियमाचा फायदा घ्यायला सुलोचनाचं वय राहिलं नव्हतं. इंदूरच्या स्टेजवर ही जागा तू सोडलीस तर मी तुला माफ करणार नाही, टाळी इथेच आहे. फक्त मूळ गाणं वाजवत बसू नको, प्रेक्षक गाण्यात रमून जातात आणि नटीला विसरतात.

पुढे १९७३चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, म्हणजे 'विस्मृतीत गेली' हे वाक्य पण खोड. १९७८च्या 'खट्टा मीठा'मधे दिसते. १० ऑक्टोबर १९८३ला मुंबईत गेली. शेवटच्या दिवसांबद्दल बरंच काही रंगवून सांगितलं जातं, दारू, गरिबी, एकटेपणा, त्यातलं काहीही घेऊ नको.

तिचे पिक्चर बघायला मिळतील का असं पण तू विचारलंयस. जे तिला सुलोचना करून गेले ते मूक पिक्चर नाहीतच बेटा. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट बनले आणि त्यातले अगदी मोजके उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. नायट्रेट फिल्म, पेट घेणारी, कुजणारी, शिवाय चांदी काढायला लोकांनी डबेच्या डबे विकले, आणि पुण्याचं फिल्म अर्काइव्ह उघडलं १९६४मधे, तोवर उशीर झाला होता. सीता देवीचं नशीब चांगलं, तिचे 'लाइट ऑफ एशिया', 'शिराज', 'अ थ्रो ऑफ डाइस' परदेशी भागीदारीमुळे टिकले, ते बघ. त्या काळची नटी कशी उभी राहते, मान कशी वळवते, हे त्यात कळेल. सुलोचनाचे फोटो भरपूर आहेत, भुवया, ओठ, केसांचा बॉब, तेवढ्यावर मेकअपवाल्याचं काम होईल.

आता साउंड. पियानो लावू नको, पियानो म्हटलं की चार्लीच आठवतो. आपल्याकडे पडद्यासमोर पेटी-तबला असायचा, कधी सारंगी, आणि पडद्यावरच्या पाट्या दोन-तीन लिप्यांत असायच्या तरी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचाच कारण निम्म्यांना वाचता येत नव्हतं. तो वाचणारा माणूस तुझा सूत्रधार कर. पहिल्या भागात नटी एक शब्द बोलत नाही, तो तिच्या वतीने बोलतो, पेटी वाजते. बोलपट आला की पेटी मधेच बंद, सूत्रधाराची नोकरी गेली, आणि एक बारीक सततची घरघर सुरू कर, जुन्या साउंडट्रॅकची, फार हळू, प्रेक्षकाला कळता कामा नये पण बंद झाल्यावर कळलं पाहिजे. ती घरघर माझ्याकडे जुन्या स्पूलवरची आहे, पेनड्राइव्ह घेऊन ये. पेटीवाला मात्र लाइव्हच ठेव, रेकॉर्डेड पेटी लगेच ओळखू येते. बजेट नाही म्हणू नको, दोन लाइट कमी लाव.